तेविसाव्या खिशातली चिठ्ठी

त्या दिवशी बाजार होता. दवाखाना आठला उघडायचा. साडेआठपर्यंत उघडला नाही. खिल्लारेंच्या पत्नी गयाबाई शाळेच्या फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, हे उठून नाही राहिले." मी गेलो. खिल्लारे खाटेवर होते. डॉक्टर कळमनुरीहून अकराला आले आणि त्यांनी कागदावर वेळ लिहिली. चारला आम्ही नदीवरून परत आलो.

आखाडा बाळापूरच्या दवाखान्यात खिल्लारे कंपाउंडर होते आणि रस्त्यापलीकडच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत असे. सत्तरच्या आसपासची ती वर्षं. आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत आणि उरलेले पाच दिवस गावाच्या दृष्टीनं खिल्लारेच डॉक्टर असत. ते मात्र कुणी डॉक्टर म्हटलं की थांबवत. "कंपोंडर म्हणा. जेवढं आहे तेवढंच म्हणा."

हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं, की त्यांचा चेहरा आठवायच्या आधी मला ते आठवतं. चेहरा उभा होता, कान मोठे, आणि हात कोपरापर्यंत कायम धुतलेले. साबणानं धुऊन धुऊन त्यांच्या बोटांची कातडी कागदासारखी झाली होती. जखम बांधायला बसले की ते आधी तिच्याकडे नुसते पाहत राहत. रोगी ओरडायचा, सोबत आलेले घाई करायचे. हे आपले पाहतायत. मग म्हणायचे, "मळ काढायचा. खपली नाही काढायची. मळ बाहेरून आलेला असतो, खपली अंगानं केलेली असते." नव्या नर्सबाईंनाही ते हेच सांगत, आणि मला वाटतं जगातल्या बहुतेक प्रश्नांना त्यांच्याकडे हे एकच उत्तर होतं.

आमची ओळख झाली ती त्यांना इंग्रजी वाचून हवं होतं म्हणून. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेली, चौथीपर्यंत. औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी त्यांना आकारानं कळे, पण सलग ओळ वाचता येत नसे. मी गावात नवा होतो. एका संध्याकाळी ते एक वही काखेत घेऊन आले, माझ्या खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर तकलीफ नको म्हणून बसले नाहीत, आणि उभ्यानंच म्हणाले, "मास्तर, ह्या बायांच्या पाठीवर काय लिहिलंय ते सांगा."

वहीत सिगारेटच्या पाकिटातली कार्डं होती. पूर्वी पाकीट कडक राहावं म्हणून आत पत्त्यापेक्षा थोडं लहान असं एक जाड कार्ड घालत. त्याच्या एका बाजूला रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला नंबर आणि चार ओळी. लोकांनी पन्नास पाकिटं घ्यावीत म्हणून पन्नास चित्रांची मालिका काढत. खिल्लारेंची मालिका देशोदेशीच्या स्त्रियांची होती. तरुणपणी ते हैदराबादला एका इस्पितळात वॉर्डबॉय होते. साहेब लोक सिगारेट ओढत आणि चित्र फेकून देत. त्यांनी ती झाडताना उचलली. स्वतः त्यांनी आयुष्यात विडीही ओढली नाही.

वहीचे खिसे त्यांनीच केले होते. दवाखान्यात कापसाच्या गुंडाळ्या येतात त्यांना निळा कागद असतो. तो कापून, खळ लावून, एका पानावर दोन असे पन्नास खिसे. त्यांपैकी अठ्ठेचाळीस भरलेले. एकतीस आणि तेवीस रिकामे.

प्रत्येक कार्डामागं एक चिठ्ठी होती. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. "नं. १२. धूळ कोंबडीच्या पिसानं झाडली. दुसरं काही नाही." "नं. १९. कोपरा आधीपासून मुडपलेला. मी सरळ केला नाही." आणि आठव्या नंबरच्या बाईमागं: "स्पिरिट लावलं. चूक माझी." त्या बाईला ओठ नव्हते. हैदराबादला असताना कार्डावरचा मळ जावा म्हणून त्यांनी इस्पितळातलं स्पिरिट बोळ्यावर घेऊन फिरवलं आणि लाल रंग बोळ्यावर आला. तो बोळाही त्यांनी काडेपेटीत ठेवला होता.

"फेकून नाही दिला?" मी विचारलं.

"तिचे ओठ आहेत ते," खिल्लारे म्हणाले.

गयाबाईंना या वहीचा राग नव्हता, पण बोलायची संधी त्या सोडत नसत. मी गेलो की चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "अठ्ठेचाळीस सवती पेटीत बसून राहिल्या, अन् भाकरी थापायला मी एकटी. अजून दोन आणायच्यात म्हणे." खिल्लारे मान खाली घालून हसत.

एकतिसावा नंबर मिळता मिळता राहिला, त्याची गोष्ट अशी. नांदेडला एक निवृत्त ओव्हरसियर होते, त्यांनाही हाच नाद. दोघं कधी भेटले नव्हते, पत्रानं अदलाबदल करत. एकदा त्यांनी एकतीस नंबर पाठवला. कार्ड अगदी कालच पाकिटातून काढल्यासारखं स्वच्छ. खिल्लारेंनी ते खिडकीशी नेलं, आडवं धरून उजेडात फिरवलं, दुसरं एक कार्ड त्याच्यावर ठेवून कडा जुळवल्या आणि माझ्यापुढे ठेवलं. "हजामत झालीय याची," म्हणाले. ओल्या फडक्यानं पुसल्यामुळे वरची चकाकी गेली होती, आणि मळकी कड नाहीशी व्हावी म्हणून चारी बाजू केसभर कापल्या होत्या. त्यांनी कार्ड परत पाठवलं. पत्र मीच लिहिलं, ते सांगत गेले तसं.

ओव्हरसियरांचं उत्तर तिखट होतं. मी कार्डावर काही रंगवलं का, काही चिकटवलं का, नुसता मळ काढला त्यात बदल कसला, असं त्यांनी विचारलं होतं. आणि शेवटी: तुम्ही दवाखान्यात रोग्याला आंघोळ घालता, तेव्हा त्याच्या पाठीवर तसं लिहून ठेवता काय?

हे वाक्य खिल्लारेंना इतकं आवडलं की ते दोन दिवस येणाऱ्या जाणाऱ्याला सांगून हसत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, लिहा. पाठीवर नाही लिहीत, केसपेपरवर लिहितो. तुम्ही धुतलं म्हणून मी परत नाही केलं. धुतलं ते सांगितलं नाही म्हणून केलं. एक ओळ लिहिली असती तर आनंदानं ठेवून घेतलं असतं." त्या पत्राला उत्तर आलं नाही. पत्रव्यवहार तिथं थांबला आणि एकतिसावा खिसा रिकामाच राहिला.

मला ते त्या वेळी अती वाटलं होतं. मी तसं बोललोही. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं, आणि तुम्ही केसभर कडेसाठी परत केलं. खिल्लारे म्हणाले, "केसभराचं दुःख नाही. कुणी काय केलं ते कळलं पाहिजे."

त्यानंतर दीडएक वर्षानं सरूबाई आल्या.

सरूबाई हट्ट्याच्या, पन्नाशी उलटलेल्या. त्यांची लेक कौसा बाळापुरात दिलेली. लेकीकडे आल्या असताना चुलीशी मनगट भाजलं, म्हणून रोज पट्टी बदलायला येत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. लेकीचा खांदा धरून चालायच्या. एक दिवस पट्टी बांधून झाली, आणि टेबलावर खिल्लारेंनी माझ्याकडून वाचून घ्यायला काढून ठेवलेलं एक कार्ड त्यांच्या हाताला लागलं. त्यांनी ते चाचपलं, कडा बोटानं मोजल्यासारख्या केल्या आणि म्हणाल्या, "असली एक माह्या देवात हाय."

खिल्लारेंनी पट्टीची गाठ पुन्हा तपासली. संध्याकाळी मला सांगताना मात्र त्यांनी पाण्याचा तांब्या दोनदा उचलून दोनदा खाली ठेवला.

चैत्रात सरूबाई पुन्हा लेकीकडे आल्या तेव्हा फडक्यात बांधून ते घेऊन आल्या. मी शाळा सुटल्यावर गेलो होतो. फडकं सोडलं तर आत काळ्या-तांबड्या रंगाची एक वडी असावी तसं दिसत होतं. तेल, समईची काजळी, हळद, आणि वर्षानुवर्षांचं कुंकू, थरावर थर. चित्र म्हणून काही उरलंच नव्हतं. खिल्लारेंनी ते उलटं केलं. मागची बाजू तेलकट होती, पण नंबर दिसत होता. तेवीस.

त्यांनी ते माझ्याकडे दिलं. मी मागचं इंग्रजी मनात वाचलं. ऑस्ट्रियाच्या डोंगरातली स्त्री, सणाच्या पोशाखात, डोक्यावर पिसाची टोपी. मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी तिथं विचारलं नाही.

सरूबाईंचं मागणं साधं होतं. डोळे चालले आहेत. पुरते जायच्या आत हिचं तोंड एकदा पाहायचंय. साफ करून द्या.

"पस्तीस वर्षं झाली हिला देवात बसवून," कौसा म्हणाली. "रोज कुंकू लावती. आमाला हात लावू देत न्हाई." आणि आईला बाकावर बसवून, ती जरा बाजूला येऊन हळूच म्हणाली, की कंपोंडरसाहेब, तुमाला असली चित्रं लागतात म्हणून ऐकलं. तुमीच ठेवा ना हे. तिला क्यालेंडरावरची लक्ष्मी कापून देऊ. तिला काय दिसतंय?

खिल्लारे म्हणाले, उद्या सांगतो.

त्या संध्याकाळी त्यांनी चहा घेतला नाही. वही उघडून तेविसावा खिसा बोटानं उगाच दाबत राहिले. मी मागच्या ओळींचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मेम आहे."

"मेमच आहे."

"ती पस्तीस वर्षं पाया पडून राहिली, मास्तर. मी पुसलं, अन् खालून टोपीवाली निघाली, तर मी कार्ड साफ केलं का तिचा देव घालवला?" मग थोड्या वेळानं: "आम्ही बुद्धाकडे गेलो तेव्हा घरातले देव मी माझ्या हातानं नदीत सोडले. आई रडली होती. पण ते आमचे आम्ही सोडले. दुसऱ्याचे सोडायचा मला काय हक?"

मी म्हटलं, की मग नाही म्हणून सांगा. ते म्हणाले, तेही खोटंच होईल; तिनं दाखवायला सांगितलंय. मी तिच्यासमोर ही खपली आहे, काढायची नाही, म्हणून हात वर करायचे, अन् आपल्याला दोघांना माहीत, आत काय आहे. आणि कौसा म्हणाली तसं केलं तर? हे मी विचारलं नाही; त्यांनीच स्वतःला विचारल्यासारखं केलं आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. खिल्लारे सकाळच्या गाडीनं वारंगा फाट्याला गेले आणि तिथल्या हॉटेलातून दोन दिवसांचा शिळा पाव घेऊन आले, कारण बाळापुरात पाव शिळा व्हायला उरतच नसे. माझ्याकडून शाळेचे चार खडू मागून त्यांची पूड केली. दवाखान्याच्या मागच्या पडवीत पांढरा कागद अंथरला. सरूबाई भिंतीला टेकून बसल्या, शेजारी कौसा. गयाबाई दारात उभ्या.

सुरुवात करण्याआधी खिल्लारेंनी हात धुतले, पुसले, आणि म्हणाले, "आई, एक विचारतो. आत देवी नसली तर?"

"जे आसंल ते आसंल," सरूबाई म्हणाल्या. "तुमी साफ करा."

"नंतर जसं होतं तसं मला करून देता यायचं नाही."

"नका करू."

मग ते काम जवळजवळ तीन तास चाललं. खडूची पूड पसरून तेल ओढू द्यायचं, पिसानं ती झाडायची, पुन्हा पसरायची. थर सैल झाला की पावाचा आतला गर बोटात गोल करून हलकेच फिरवायचा. गर काळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. कागदावर एका बाजूला कुंकवाच्या खपल्या साठत होत्या. त्या खिल्लारे वेगळ्या ठेवत होते. खालून आधी घागऱ्याची हिरवी कड निघाली. मग एक बूट. बूट पाहून कौसानं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. मग हात, हातात फुलांचा गुच्छ. खिल्लारे तिथं थांबले. वरचा चेहऱ्याचा भाग अजून लाल होता. त्यांनी पाव खाली ठेवला. कपाळावर घाम होता, आणि घाम कार्डावर पडू नये म्हणून ते मागं सरून बसले.

सरूबाईंना काम थांबल्याचं कळलं.

"काहून थांबले?" त्या म्हणाल्या. "टोपीचं पीस दिसलं का?"

खिल्लारेंनी मान वर केली. मला ती मान अजून दिसते. "कसलं पीस, आई?"

"टोपीचं. तिच्या टोपीला पीस हाय ना, लांब. का गेलं झडून?"

"तुम्हाला ठाव होतं?"

"मला न्हाई ठाव तर कुनाला आसंल? मीच तर झाकली." आणि त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, दात नसलेलं, पोटातून येणारं हसू. मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मालक हैदराबादला गेले होते, येताना रुमालाच्या घडीत हे चित्र आणलं. म्हणाले, ही बघ, तुझ्यावानी हसती. सासू करडी. असली बिनपदराची बाई घरात दिसली असती तर चुलीत गेली असती. म्हणून सरूबाईंनी तिला हळदी-कुंकवात बुडवलं आणि देवात नेऊन ठेवलं. "देवाला कोन चुलीत घालतंय?"

"अन् पाया पडायच्या ते?" कौसानं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"त्यायलाच पडायची की," सरूबाई म्हणाल्या. मालक पाचव्या वर्षीच गेले होते. "माह्या कपाळाचं गेलं. हिच्या कपाळाचं ठिवलं."

खिल्लारे एकदम उठले, मोरीवर जाऊन पुन्हा हात धुतले, आणि येताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू घरातला ताप उतरला आहे. गयाबाई म्हणाल्या, "चहा टाकते. आता तरी घ्या." ते हो म्हणाले. उरलेलं काम त्यांनी गुणगुणत केलं. त्यांना गाता येत नव्हतं.

चेहरा निघाला. कुंकवाचा रंग कागदात मुरला होता तेवढा गालावर राहिला. तो त्यांनी काढला नाही. सरूबाईंनी कार्ड डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, उन्हाकडे वळून बसल्या. बराच वेळ पाहिलं. "एवढी काही माह्यावानी न्हाई," म्हणाल्या. "उगाच म्हनले." मग कागदावर बाजूला काढलेल्या खपल्यांतली एक त्यांनी बोटानं चुरली आणि त्या टोपीवाल्या बाईच्या कपाळावर एक टिकली लावली.

नुकतं साफ केलेलं तेवीस नंबर. मी खिल्लारेंकडे पाहिलं. ते टिकलीकडे पाहत होते. मग म्हणाले, "बराबर मधोमध बसली."

त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली, एकसारख्या दोन. एक कार्डामागं ठेवायला, एक स्वतःसाठी. सरूबाईंनी काय लिहिलं ते विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माह्यावर बी एक डकवा. भाजलेलं मनगट कंपोंडरनं बांदलं, बाकी समदं पहिलंच."

निघताना त्यांनी कार्ड पुढं केलं. ठिवा तुमच्याकडं, माह्यामागं कोन सांभाळील? खिल्लारेंनी ते फडक्यात बांधून त्यांच्या हातात परत दिलं. म्हणाले, तुमच्यामागं बघू. सध्या ते देवात आहे.

त्यानंतर दरवर्षी सुगी झाली की खिल्लारे एक दिवसाची रजा टाकून हट्ट्याला जात. जाताना पिशवीत शिळा पाव आणि कोंबडीचं पीस. वरची धूळ झाडत, जेवत आणि परत येत. गयाबाई म्हणत, "निघाले तपासणीला." मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते असंच. बाळापूरच्या स्टँडवर, वसमतची गाडी लागलेली, हातात पिशवी. मला पाहून त्यांनी पिशवी जरा वर करून दाखवली आणि चढले. खिडकीजवळ जागा मिळाली तर तिथं एक पोरगं घेतलेली बाई आली, त्यांनी तिला ती दिली आणि दांड्याला धरून उभे राहिले. गाडी वळेपर्यंत मला तो धुतलेला हात दिसत होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो बाजाराचा दिवस आला.

गयाबाईंनी वही मला दिली. "मागचं तुम्हालाच वाचता येतं," म्हणाल्या. मी नांदेडच्या ओव्हरसियरांना पोस्टकार्ड लिहून कळवलं. आठ दिवसांनी त्यांचं पाकीट आलं. त्यात तेच एकतीस नंबर होतं, आणि त्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी: "ओल्या फडक्यानं मी पुसलं. कडा मी कापल्या." बाकी एक शब्द नव्हता. मी कार्ड एकतिसाव्या खिशात ठेवलं आणि चिठ्ठी त्यामागं ठेवली. खिल्लारे गेल्यानंतर मला त्या दिवशी पहिल्यांदा हलकं वाटलं.

हट्ट्यालाही मी जाऊन आलो. सरूबाईंना तोवर अजिबात दिसेनासं झालं होतं. बातमी ऐकून त्यांनी कौसाच्या भावाला देवातलं कार्ड काढायला लावलं आणि मला म्हणाल्या, की त्यांनी सगळं झाडलं, पण टिकलीला कधी हात लावला न्हाई. मी पाहिलं. टिकली होती.

वही माझ्याकडे आहे. तीत एकोणपन्नास कार्डं आहेत. तेविसाव्या खिशात चिठ्ठी आहे: "नं. २३. हट्टा येथे सरूबाईंच्या देवात आहे. तेल, काजळी व कुंकू त्यांच्या सांगण्यावरून मी काढले. गालावरचा लाल रंग राहिला, तो ठेवला. टिकली नंतरची, त्यांनी लावली."